औंधचं संग्रहालय : दिवस मोकळा ठेवा आणि रहिमतपुरात ‘स्पेशल’ जीप करू नका

‘अर्ध्या तासात होतं,’ असं ज्याला विचारावं तो सांगत होता. टेकडीवरच्या यमाईदेवीचं दर्शन घेऊन येताना डोकवायचं, जुनी भांडी-तलवारी बघायच्या, पुढं शिखर शिंगणापूर गाठायचं आणि संध्याकाळी घरी. सांगली-मिरजेकडच्या बहुतेक लोकांची औंधची सहल अशीच होते. श्री भवानी संग्रहालयाबद्दलचा हा सल्ला साफ चुकीचा आहे. राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं, धुरंधर, त्रिंदाद, बाबूराव पेंटर, माधव सातवळेकर या चित्रकारांची कामं आणि त्यांच्या जोडीला थेट इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं दगडी शिल्प, हे सगळं सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातल्या एका टेकडीवर आहे. अर्ध्या तासात फक्त चपला काढून-घालून होतील.

आम्ही दोघं मिरजेहून पॅसेंजरनं निघालो, मी आणि माझे शाळेतले चित्रकलेचे सर. सर आता निवृत्त आहेत, पण आमच्याकडच्या दोन पिढ्यांना एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना त्यांनीच बसवलं. गाडी किर्लोस्करवाडीला थांबली तेव्हा सर म्हणाले, “ही जागापण औंधच्या राजानंच दिलेली बरं का.” खरंच आहे. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी हे माळरान दिलं ते बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, आणि 1938 साली औंधचं संग्रहालय उभं केलं तेही त्यांनीच. रेल्वेनं गेलात तर डाव्या-उजव्या खिडकीतून त्यांचं जुनं संस्थान असं तुकड्या-तुकड्यानं दिसत राहतं. प्रवास सरळ आहे, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

खरा त्रास रहिमतपूरला सुरू होतो. उतरल्या उतरल्या एक वडापवाला पुढं आला. वडाप म्हणजे शिटाच्या भाड्यानं चालणारी खासगी जीप, आणि ‘स्पेशल’ म्हणजे तीच अख्खी आपल्यासाठी करायची. “औंधला यस्टी न्हाई आता, एकदम चारला. वडाप भरायला दोन तास लागतील. सर वयस्कर हायत, स्पेशलच करा.” आणि भाव सांगितला सातशे रुपये. घासाघीस करून पाचशेवर आला. ऊन चढलं होतं, सर घामाघूम झाले होते, म्हणून बसलो. जीप गावाबाहेर पडते न पडते तोच मागून औंधची एसटी भोंगा वाजवत आम्हाला ओलांडून गेली. अर्धी रिकामी. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणाला, “ती जादा गाडी असंल.” पुढं एका वळणावर त्यानं दोन बायका आणि एक पोत्याचा गठ्ठाही चढवला. पाचशे रुपये देऊन घेतलेल्या ‘स्पेशल’मध्ये सरांना गुडघे आवळून बसावं लागलं. औंधला उतरताना मी शंभर कापून घेतो म्हटल्यावर त्यानं आवाज चढवला. सर म्हणाले, “दे रे, वेळ चाललाय आपला.” दिले.

एवढं लांबण लावून सांगतोय कारण हे टाळणं अगदी सोपं आहे. रहिमतपुरात समोर येणाऱ्या माणसाला काही विचारू नका. सरळ एसटी स्टँडवर जा, कंट्रोलरच्या खिडकीत औंधची गाडी विचारा आणि थांबा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना तिकीटच नाही. आई-आजीला घेऊन जाणाऱ्याला जीपची गरज काय? बसायचंच असेल तर रोजच्या वडापमध्ये शिटाच्या भाड्यानं बसा, आणि बसायच्या आधी शेजारच्या गावकऱ्याला भाडं विचारा, ड्रायव्हरला नको. ‘स्पेशल’ हा शब्द ऐकला की पुढं चालू लागा. सातारहून येणाऱ्यांनी तर सरळ सातारा स्टँडवरूनच औंधची गाडी बघावी, मधे उतरण्याच्या भानगडीत पडू नये.

गावातून टेकडीवर दोन रस्ते आहेत, गाडीचा आणि पायऱ्यांचा. पायऱ्यांनी जा, पण सकाळी. संग्रहालय टेकडीच्या उतारावर आहे आणि देवी माथ्यावर, म्हणून सगळे आधी देवीला जाऊन उतरताना संग्रहालयात शिरतात. तोवर पाय गेलेले असतात आणि डोळ्यांत उन्हाची चमक भरलेली असते. उलट करा. आधी संग्रहालय, देवी नंतर. देवीला घाई नाही.

आत गेल्यावर पहिला तास रविवर्म्याला द्या. त्याच्या चित्रांच्या छापील नकला आपल्या आज्यांच्या देवघरात होत्या, त्यामुळं आपल्याला वाटतं बघितलंय सगळं. मूळ चित्रासमोर आधी चार पावलं लांब उभं राहा. काठ, दागिने, कापडाची चुणी सगळं खरं दिसतं. मग वीतभर अंतरावर जा. सोनं नाहीसं होतं. उरतो तपकिरीवर ओढलेला पिवळा फटकारा आणि त्यावर टेकवलेला पांढऱ्या रंगाचा एक ठिपका. सर तिथंच खिळले. “आयुष्यभर पोरांना सांगत आलो, दागिना काढू नका, त्यावरचा उजेड काढा. हे बघ.” विषय आपल्या पुराणातला, माध्यम युरोपातलं तेलरंग, छायाप्रकाशही तिकडचा. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 साली सुरू झालं, त्यातून धुरंधरांसारखे चित्रकार तयार झाले, आणि त्या सगळ्या ओढाताणीचे धागे इथं भिंतीवर शेजारी शेजारी लागलेत.

युरोपीय चित्रांच्या आणि पुतळ्यांच्या नकलाही इथं आहेत. लोक ‘नकला आहेत’ म्हणून पुढं सरकतात. सरकू नका. विलायतेला जाऊ न शकणाऱ्या आपल्या मुलांनी ते रूप डोळ्यांनी बघावं, एवढा साधा हेतू त्यामागं दिसतो. पंत स्वतः चित्रकार होते, रामायणातले प्रसंग त्यांनी रंगवले, अजिंठ्याची चित्रं बघायला-उतरवायला चित्रकारांना घेऊन गेले आणि 1932 साली त्यावर पुस्तकही काढलं. 72 गावांचं संस्थान, तेही सलग नाही. त्यातून हे सगळं जमवलं. याच माणसानं 1939 साली राज्यकारभार गावच्या पंचायतींच्या हाती दिला.

आणि हेन्री मूर. ‘आई आणि मूल’. याच्यासाठी पुन्हा जाईन. मूर (1898–1986) हा इंग्लंडमधल्या खाणकामगाराचा मुलगा. ग्रीक-रोमन सुबकपणा बाजूला ठेवून तो लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये मेक्सिकोतलं, आफ्रिकेतलं जुनं कोरीवकाम बघत बसायचा, आणि मातीचा नमुना न करता थेट दगडावर छिन्नी चालवायचा. म्हणजे पश्चिमेचा माणूस स्वतःच्या परंपरेबाहेर काही शोधत होता, आणि इकडं आमचे चित्रकार पश्चिमेकडून तेलरंग शिकत होते. दोन्ही वाटा औंधला एकाच छपराखाली येतात. हे बघायला मी मुंबई-दिल्लीला गेलो असतो, आणि ते माझ्या घरापासून अर्ध्या दिवसावर होतं, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं!

शिल्प भव्य वगैरे नाही. संगमरवरी पुतळ्यांसारखं नाक-डोळे कोरून दाखवत नाही, म्हणून आमच्यासमोर एक अख्खं कुटुंब न थांबता पुढं गेलं. तुम्ही बाजूनं जाऊन बघा. आईचा हात कुठं संपतो आणि मूल कुठं सुरू होतं तिथं नजर लावा. एकाच दगडातून दोघं आलेत, त्यामुळं मूल कडेवर घेतल्यासारखं न वाटता आईतूनच फुटल्यासारखं वाटतं. सापडलं नाही तर तिथल्या कर्मचाऱ्याला ‘हेन्री मूर’ असं नाव घेऊन विचारा. फोटोचंही आधी विचारूनच.

लघुचित्रांसाठी खिशात भिंग ठेवा, फार उपयोगी पडतं. सोमवारी जाऊ नका, सरकारी संग्रहालयांची सुट्टी असते. शिंगणापूर, मायणी यातलं काहीही त्या दिवशी जोडू नका. जोडलंत तर मूरच्या समोर उभं असताना लक्ष घड्याळाकडं राहील. गायनाची आवड असेल तर आश्विनात जा. 1940 पासून चालत आलेला संगीत महोत्सव असतो आणि दोन्ही गोष्टी एका खेपेत होतात, मात्र तेव्हा गर्दी धरून चला.

घरात कुणी इंटरमिजिएटची तयारी करत असेल तर त्याला नक्की न्या. परत येताना सर म्हणत होते, यंदा शाळेच्या पोरांना आणायचंच. मी त्यांना सांगितलं, एसटीचीच गाडी ठरवा, आणि औंधला पोचल्या पोचल्या परतीची शेवटची गाडी कितीची ते स्टँडवर लिहून घ्या. आम्हाला ती पाच मिनिटांच्या फरकानं मिळाली.