पैसे देऊन जेलमध्ये

ताईकडे लंडनला जाऊन आलो त्याला आता वर्ष होईल, अमळनेरात कोणीही भेटलं की पहिला प्रश्न काय काय बघितलं, मी राजवाडा, मोठं घड्याळ, थेम्स नदी असं धडाधड सांगून मोकळा होतो. पण खरं सांगू का, डोक्यात राहिलंय ते एक तळघर.

लंडन ब्रिज स्टेशनवरून चालत पाच-दहा मिनिटांवर क्लिंक स्ट्रीट नावाची अरुंद गल्ली आहे, तिथं क्लिंक प्रिझन म्युझियम. इंग्रजीत जेलला 'क्लिंक' म्हणतात ना, ते याच तुरुंगावरून. ताईने तिकिटं काढली आणि आईला कळलं की आत जेल आहे, झालं, दारातच उभी राहिली. "पैसा दिसन कोनी जेलमा जास का?" आमची आई अहिराणीत बोलली की वाद संपतो, पण तिकिटं काढली होती आणि पाऊस होता, म्हणून आली.

आत काळोख, भिंतीला पुतळे, स्पीकरवर कण्हण्याचे आवाज. हे सगळं मला जरा जत्रेतल्या भुताच्या तंबूसारखं वाटलं, खरं सांगतो. छळाची हत्यारं मांडलीत, काही हातात घेऊन बघता येतात, पायाला बांधायचा लोखंडी गोळा मी उचलायला गेलो तर कंबर धरली, आई म्हणाली पोतं उचलायची सवय गेली तुझी. पोरं मुंडकं उडवायच्या ओंडक्यावर मान ठेवून फोटो काढत होती. मी ते सोडून भिंतीवरचे बोर्ड वाचत बसलो आणि तिथंच अडकलो.

हा तुरुंग सरकारचा नव्हताच भो! विंचेस्टरच्या बिशपचा होता, म्हणजे चर्चचा बडा धर्मगुरू, त्याचा नदीच्या दक्षिण काठाला भलामोठा वाडा आणि वाड्याला लागून स्वतःचा तुरुंग. म्युझियमवाले सुरुवात 1144 ची सांगतात. तो सगळा पट्टा बिशपच्या अखत्यारीत, लंडन शहराचे नियम तिथं चालत नव्हते, त्यामुळे शहरात जे जे चालत नाही ते सगळं इथं, नाटकगृहं, अस्वलावर कुत्री सोडायचे खेळ, आणि वेश्यावस्ती, तीसुद्धा बिशपच्या हद्दीत नियम लावून. हा बोर्ड ताईने आईला समजावून सांगितला नाही, मीही नाही.

पण मला हलवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. जेलरचा पगार तुटपुंजा, मग तो वसूल करायचा कैद्यांकडूनच. झोपायला गादी पाहिजे, पैसे. मेणबत्ती, पैसे. शेकोटीला सरपण, पैसे. जेवण बाहेरच्या दुप्पट भावाने. जड बेडीच्या जागी हलकी पाहिजे तर पैसे, आणि बेडी पूर्ण काढायची तर आणखी पैसे. ज्याच्या खिशात काही नाही तो रस्त्याच्या कडेच्या जाळीतून हात बाहेर काढून जाणाऱ्या-येणाऱ्याकडे भीक मागायचा.

वाचता वाचता मला अप्पांची पट्टी आठवली. लहानपणी मी त्यांच्याबरोबर बैलगाडीतून दादर, म्हणजे ज्वारी घेऊन मार्केटला विकायला जायचो, संध्याकाळी हातात जो कागद मिळायचा ती पट्टी, त्यावर हमाली, तोलाई, अडत, कडता अशी सगळी कपात, आणि खाली उरलेला आकडा, अप्पा तो आकडा दोनदा वाचायचे जणू दुसऱ्यांदा वाढेल. फरक एवढाच की आम्ही माल देऊन यायचो आणि इथं माणूस स्वतःच माल.

पुढे पुढे तर या तुरुंगात कर्ज बुडवणारे ठेवायला लागले. म्हणजे बघा, ज्याच्याकडे पैसे नाहीत म्हणून आत टाकला त्यालाच आत राहायचे पैसे. त्याआधी धर्माच्या भांडणातले कैदीही होते, राजगादीवर कोण त्यावर कधी प्रोटेस्टंट आत तर कधी कॅथलिक. 1780 च्या गॉर्डन दंगलीत, म्हणजे लंडनमधल्या कॅथलिकविरोधी दंगलीत, जमावाने तुरुंग पेटवून दिला आणि मग तो परत बांधलाच नाही.

आईला एवढं सगळं सांगितलं तर ती गप्पच बसली. मग म्हणाली, आपल्या धुळ्याच्या जेलात तर विनोबा गीता सांगत होते. खरंय, 1932 साली, आणि लिहून घ्यायला साने गुरुजी, म्हणजे अमळनेरचेच मास्तर. तिच्या मते जेल म्हणजे ते, बिशप वगैरे बाकी सगळे चोर.

बाहेर आलो तर पाऊस थांबलेला. त्याच गल्लीत बिशपच्या वाड्याची एक उंच भिंत अजून उभी आहे, वर दगडाची नक्षीची गोल खिडकी, इतकी सुंदर की आईने पण मान वर करून बघितली. वाड्याची खिडकी राहिली, तुरुंगाची जाळी गेली. तिथूनच अप्पांना व्हिडिओ कॉल लावला, गुडघ्यामुळे ते आले नव्हते, ओट्यावर बसलेले, मागे कोंबडा ओरडतोय. मी सगळी गोष्ट सांगितली, गादीचे पैसे, बेडीचे पैसे, दुप्पट भावाचं जेवण. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं,

"आणि पावती द्यायचे का रे ते?"