कोलनऐवजी छ

२०२४ च्या ऑक्टोबरात लातूर परिसरात नव्या सोयाबीनची आवक भरात होती. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये आणि सौद्यात निघणारा भाव त्याच्या खाली, त्यामुळे माल आज घालावा की घरातच ठेवावा या विवंचनेतला शेतकरी आधी मोबाईलवर भाव पाहत असे आणि मगच टेम्पो ठरवत असे. एका आडत्यासाठी आम्ही चालवत असलेल्या भावाच्या पानाचा सर्व्हर आदल्या रात्रीच लिनक्स या संगणक प्रणालीवर हलवला होता. पंधरा वर्षे विंडोजच्या नोटपॅडवर काढलेल्या माझ्यासमोर सकाळी काळा पडदा आला. त्यात फाइल उघडायला एकच साधन होते, ते म्हणजे व्हिम नावाचा संपादक, मजकूर लिहिण्या-बदलण्याचा प्रोग्राम.

कालचे आकडे पुसून आजचे लिहायचे, एवढेच काम होते. मी सवयीने मराठी कळफलक लावून टंकू लागलो, पण पडद्यावर एक अक्षर उमटेना. व्हिम उघडताना लिहिण्याच्या नव्हे, तर हुकूम घेण्याच्या अवस्थेत असतो आणि त्याचे हुकूम इंग्रजी अक्षरांचे असतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. 'जे' दाबले की खाली जाता येते, एवढे मला हे काम शिकवणाऱ्या सरांनी सांगितलेले आठवले, म्हणून कळफलक इंग्रजी केला. त्या गडबडीत कॅप्स लॉक लागला होता. मोठा 'जे' खाली नेत नाही, तो खालची ओळ वर आणून जोडतो. तीनदा दाबला आणि सोयाबीन, तूर, हरभरा, मूग हे चारही एका ओळीत दाटीवाटीने येऊन बसले.

घाबरून मी कंट्रोल-झेड दाबले. नोटपॅडमध्ये याने चूक मागे फिरते, इथे मात्र संपादकच पडद्यावरून नाहीसा झाला. पुन्हा फाइल उघडली, तर हीच फाइल दुसरीकडे उघडी असून ते काम अजून चालू आहे, अशा अर्थाचा लांबलचक इंग्रजी इशारा आला. एव्हाना दोन शेतकऱ्यांचे फोन येऊन गेले होते, पानावर अजून कालचेच भाव का दिसतात म्हणून. मी परभणीला सरांना फोन लावला.

"काय दाबायलास तू?" त्यांनी विचारले. मी सांगितले. "मग बंद कुठं केलीस? झोपवलीस नुसती. त्या इशाऱ्यातनं बाहेर पड, एफजी लिही अन् एंटर मार."

तसे करताच गोळा झालेली ती ओळ परत समोर आली. छोटा 'यू' तीनदा दाबल्यावर चारही धान्ये आपापल्या जागी गेली. मूळ फाइलला तर धक्काही लागला नव्हता, कारण मी काही साठवलेच नव्हते.

पुढे 'आय' दाबून लिहिण्याच्या अवस्थेत गेलो, कळफलक मराठी केला आणि भाव लिहिले. वेलांट्या अक्षरांपासून सुटलेल्या दिसत होत्या, पण वाचता येत होते. साठवण्यासाठी कोलन, डब्ल्यू, क्यू दाबले, तर हरभऱ्याच्या भावापुढे 'छ' आणि दोन सुट्या मात्रा उमटल्या. हुकुमाच्या अवस्थेत परतायला एस्केप दाबायचे मी विसरलो होतो, शिवाय कळफलक मराठीच होता आणि त्याच्या इनस्क्रिप्ट मांडणीत कोलनच्या जागी छ असतो. संपादकाच्या दोन अवस्था आणि कळफलकाच्या दोन भाषा, अशी ही दुहेरी कुलपे होती. मागे येत पुसले, एस्केप दाबले, भाषा बदलली, तेव्हा कुठे फाइल साठली.

व्हिमचा पूर्वज 'व्हीआय' बिल जॉय यांनी १९७६ मध्ये ज्या टर्मिनलवर, म्हणजे पडदा आणि कळफलक असलेल्या यंत्रावर लिहिला, त्याच्या एच, जे, के, एल या कळांवरच बाण छापलेले होते, हे सरांनी नंतर सांगितले. एस्केप आजच्या टॅबच्या जागी, म्हणजे करंगळीखाली होती आणि मला नडलेल्या कॅप्स लॉकच्या जागी कंट्रोल. जॉय यांच्या घरचा मोडेम सेकंदाला ३०० बिट इतका मंद होता, म्हणून हुकूम एकेका अक्षराचे ठेवले. हे कळल्यावर माझा अर्धा राग गेला. उरलेला अर्धा कॅप्स लॉकवर अजून आहे.

दुपारी औशाहून एका काकांचा फोन आला. "भाव दिसला बघा, बरं झालं. पण हरभऱ्याच्या मागं ते छ कशाचं आहे?"