मागच्या पानावरचे चार मार्क

जर्मनीतल्या आखनला शिकायला येऊन मला तेरा महिने झाले होते तेव्हाचा हा दिवस. 11 नोव्हेंबर 2024, सोमवार. सकाळी साडेपाचला उठले, सहा ते दहा बेकरीत ब्रेड आणि केक विकले, तासाला 12 युरो 41 सेंट, तेव्हाचा इथला किमान पगार तेवढाच होता. बेकरीबद्दल एवढंच, कारण त्या दिवशी माझे हात ब्रेड भरत होते आणि डोकं पूर्णपणे पावणेबाराच्या अपॉइंटमेंटमध्ये होतं.

तर झालं असं होतं की उन्हाळी सेमिस्टरच्या परीक्षेत मी हीट अँड मास ट्रान्सफरला नापास झाले होते. इथे ग्रेड उलट्या असतात, 1.0 म्हणजे सगळ्यात भारी, 4.0 म्हणजे काठावर पास आणि 5.0 म्हणजे नापास. माझ्या नावापुढे 5.0. आयुष्यात पहिल्यांदा. सांगलीत डिप्लोमा, मग पुण्यात डिग्री, कुठेही कधी विषय राहिला नव्हता. आणि खरं सांगायचं तर घरी मी महिनाभर थाप मारत होते की रिझल्ट अजून लागायचाय. दिवाळीत व्हिडिओ कॉलवर आई फराळाचं ताट दाखवत होती, बाबा मागून विचारत होते अभ्यास कसा चाललाय, आणि मी हो हो चाललाय म्हणत चकलीकडे बघत होते. बाबांनी घरावर कर्ज काढून ते ब्लॉक्ड अकाउंटचे, म्हणजे व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे आधीच भरून ठेवायचे, 11,208 युरो भरले होते, पहिलं वर्षभर महिन्याला त्यातले 934 माझ्या हातात यायचे, त्यातले निम्मे खोलीच्या भाड्यात जायचे. त्या माणसाला नापास झाले हे कसं सांगायचं ते मला समजत नव्हतं.

इथे एका विषयाला साधारण तीनच संधी मिळतात. तिसऱ्यांदा गेला की तो कोर्स संपला, आणि तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडे जाऊन करायचा म्हटलं तरी बहुतेक दारं बंद झालेली असतात. आपल्याकडच्यासारखं केटी घेऊन पुढे सरकत राहायची सोय नाही. येण्याआधी कन्सल्टंटने ट्युशन फी नाही, ट्युशन फी नाही हे दहा वेळा सांगितलं होतं, हे एकदाही नाही.

पण इथे एक गोष्ट आहे जी मी आपल्याकडे पाहिली नाही. तिला आइनझिष्ट म्हणतात. म्हणजे तपासलेला पेपर बघायला बोलावतात. वेळ ठरवून, खोलीत बसवून, तुमचा खरा पेपर तुमच्या हातात देतात, सोबत उत्तरं आणि कशाला किती मार्क याचा कागद. पुण्यात फोटोकॉपी मागवायची तर अर्ज, फी आणि मग महिनाभर वाट, इथे हा प्रत्येकाचा हक्क आहे. पहिल्या सेमिस्टरला मी गेलेच नव्हते, पास झाले होते ना मग कशाला जायचं असं वाटायचं.

बेकरीतून निघाले तेव्हा मार्क्टकडे, म्हणजे जुन्या शहरातल्या चौकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर रंगीत टोप्या घातलेली, तोंडं रंगवलेली माणसं दिसायला लागली. अकराव्या महिन्याच्या अकरा तारखेला अकरा वाजून अकरा मिनिटांनी ऱ्हाइनलँडमध्ये, म्हणजे ऱ्हाइन नदीकाठच्या या भागात, कार्निव्हलचा सीझन सुरू होतो, एरवी सिग्नल लाल असेल तर रिकाम्या रस्त्यावरसुद्धा उभी राहणारी ही माणसं त्या दिवशी सकाळी अकरालाच बिअर घेऊन गात असतात. एलिझनब्रुननजवळून गेले, तिथल्या गरम झऱ्याचा तो गंधकाचा वास, वज्रेश्वरीला येतो तसाच, पहिल्या आठवड्यात त्या वासाने मला रडू आलं होतं कारण लहानपणी आजीसोबत वज्रेश्वरीला गेले होते. त्या दिवशी वास आला आणि मी तशीच पुढे गेले.

खोलीत वीसेक जण होते. मोबाईल बॅगेत, बॅग भिंतीपाशी, स्वतःचं पेन टेबलावर ठेवायचं नाही. शंका असेल तर त्यांनी दिलेल्या वेगळ्या कागदावर लिहायची किंवा हात वर करायचा. वेळ अर्धा तास. पुढे दोन असिस्टंट बसले होते, पीएचडी करणारे, माझ्यापेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठे.

पेपर हातात आला. शंभरपैकी 41. पास व्हायला 50 लागतात.

तिसऱ्या प्रश्नात मी पहिल्याच पायरीला चुकले होते. प्रवाह लॅमिनार, म्हणजे थराथराने शांत वाहणारा होता आणि मी टर्ब्युलंटचं, म्हणजे खळबळत्या प्रवाहाचं सूत्र लावलं होतं, त्यामुळे नुसेल्ट नंबर, म्हणजे उष्णता किती वाहून जाते ते मोजणारा आकडा, चुकला, ते मला मान्यच होतं. त्याच्या पुढच्या दोन भागांना पण शून्य होतं, लाल पेनने सरळ आडवी रेघ. मी ती रेघ बघत बसले. मला वाटलं बरोबर आहे, पहिलंच चुकलं तर पुढचं सगळं चुकणारच. उरलेला वेळ मी फक्त तो पेपर परत द्यायची वाट बघत होते, आणि मला तिथून लवकर बाहेर पडायचं होतं.

माझ्या शेजारी एक मुलगी होती. कुरळे केस, हिरवा स्वेटर, जर्मन अगदी इथल्यासारखं बोलत होती. ती एका असिस्टंटला बोलावून अर्ध्या मार्कासाठी भांडत होती. भांडत म्हणजे आवाज न चढवता, बोट एका ओळीवर ठेवून, हे मी इथे लिहिलंय, तुमच्या कागदावर यालाच अर्धा मार्क आहे, मग माझा कुठे आहे. तो वाचत होता, डोकं खाजवत होता, मग म्हणाला बरोबर आहे, आणि मार्क वाढवून सही केली. त्याला राग आला नाही. तिला पण काही विशेष वाटलं नाही.

मला हे बघून पोटात कसंतरी झालं. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, आमच्या घरात गठ्ठ्याने पेपर तपासले जायचे, मी बाजूला बसून बेरजा करून द्यायचे. मास्तरांनी दिलेल्या मार्कांवर बोलायचं नाही हे मला कुणी कधी शिकवलं नाही, ते हवेतच होतं. अकरावीत मी एकदा सरांना विचारलं होतं हा मार्क का कापला, तर ते वर्गासमोर म्हणाले होते की मॅडमना आता आपण तपासायला बसवू. त्यानंतर मी कधी कुणाला विचारलं नाही.

ती मुलगी जायला उठली. उठता उठता तिची नजर माझ्या पेपरवर गेली, त्या लाल रेघेवर. वाकून हळू आवाजात म्हणाली, फोल्गेफेलर. मला कळलं नाही. मग इंग्लिशमध्ये म्हणाली की पहिली चूक पुढे वाहत गेली तर मार्क एकदाच कापायचे असतात, पुढची पद्धत बरोबर असेल तर तिचे मार्क मिळतात, विचार ना. मी म्हटलं मी पुढचं गणित केलंय पण ते बहुतेक... आणि मग मला आठवलं. मी पान उलटलं.

पुढचे दोन्ही भाग मागच्या बाजूला होते. सगळं, पायरीपायरीने, माझ्या बारीक अक्षरात. उत्तरांसाठी वेगळी कोरी पानं दिली होती आणि मी सवयीने पाठकोऱ्या बाजूला लिहिलं होतं, आणि पुढच्या बाजूला तसं काही नोंदवलंच नव्हतं. तपासणाऱ्याने ते पाहिलंच नव्हतं आणि त्यात त्याची काही चूक नव्हती, परीक्षेच्या सूचनांमध्ये मागे लिहू नका असं स्पष्ट छापलं होतं.

विचार, ती परत म्हणाली. मी मान हलवली, म्हणजे नको अशी. ती थांबली. तिने स्वतः हात वर केला. आणि असिस्टंट आमच्याकडे यायला लागल्यावर मला म्हणाली आता तू बोल, आणि बॅग उचलून निघून गेली.

मी बोलले. कसं बोलले माहीत नाही, अर्धं जर्मन अर्धं इंग्लिश, आवाज कापत होता, दोनदा सॉरी म्हणाले. तो खुर्ची ओढून माझ्या शेजारीच बसला. मागचं पान एकेक ओळ करत वाचलं. मग म्हणाला, मागे लिहायचं नव्हतं, पण गणित तुझंच आहे आणि पद्धत बरोबर आहे. चार मार्क दिले. सही केली. आणि मग, हे मी विसरणार नाही, त्याने कोरा कागद घेऊन मला लॅमिनार आणि टर्ब्युलंट कुठे बदलतं ते पुन्हा समजावलं, दहा मिनिटं, मागे लोक ताटकळत असताना.

41 चे 45 झाले. नापास ते नापासच.

बाहेर आले. दुपारी लेक्चर होतं, गेले नाही. मेन्झामध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये, बटाट्याचं सूप घेतलं, ते जसं असतं तसं होतं. मग मला फक्त चालायचं होतं, आणि आखनमध्ये चालायचं ठरवलं तर एका संध्याकाळात तुम्ही दोन देशांत जाऊन येता, तेवढं ते टोकाला आहे. फाल्झर श्ट्रासे हा रस्ता पकडायचा आणि सरळ पश्चिमेला निघायचं. पाचेक किलोमीटर. एका ठिकाणी रस्त्याचं नाव बदलतं, पाट्यांवरची अक्षरं वेगळी होतात, सायकलचा रस्ता बदलतो, आणि तुम्ही नेदरलँड्समधल्या फाल्स गावात असता. मला कुणी अडवलं नाही. व्हिसासाठी मुंबईत मी सहा महिने कागद गोळा केले होते, आणि इथे फक्त फुटपाथच्या फरशा बदलल्या.

फाल्समधून वर डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्याचं नाव फिअरग्रेन्झनवेख आहे, म्हणजे चार सीमांचा रस्ता. पण वर तर तीनच देश भेटतात, नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनी. चौथा होता, आता नाही. नेपोलियन हरल्यावर प्रशिया (तेव्हाचं मोठं जर्मन राज्य) आणि नेदरलँड्स दोघांनाही इथली जस्ताची खाण हवी होती, कुणीच सोडेना, म्हणून 1816 मध्ये त्यांनी खाणीभोवतीचा जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचा तुकडा कुणा एकाचा नाही असं ठरवून टाकलं. न्यूट्रल मोरेस्नेट. पुढे 1908 मध्ये तिथल्या काही लोकांनी त्याला एस्पेरांतो, म्हणजे सगळ्या जगासाठी मुद्दाम बनवलेली भाषा, बोलणारा देश करायचं ठरवलं, नावही ठेवलं, अमिकेयो, म्हणजे मैत्रीची जागा. पहिल्या महायुद्धानंतर 1920 मध्ये तो तुकडा बेल्जियमला गेला. शंभर वर्षं धड कुणाचंच नसलेलं गाव, मला त्या दिवशी ते फार जवळचं वाटलं.

चढ फार नाही, वर पोचल्यावर उंची 322 मीटर, आमच्या सांगलीकडच्या सागरेश्वराच्या डोंगरासारखाच वाटला, पण हा नेदरलँड्सच्या मुख्य भूमीचा सगळ्यात उंच माथा आहे आणि लोक तिथे फोटो काढतात. बीच झाडांची पानं सगळी तांबडी होऊन खाली पडली होती, बुटाखाली ओली, आवाज नाही. धुकं होतं. उन्हाळ्यात इथे इतकी गर्दी असते की तीन देशांच्या सीमेवरच्या दगडाला हात लावायला रांग लागते आणि मला ती जागा तेव्हा मुळीच आवडली नव्हती, आइस्क्रीम, स्पीकर, बसभर माणसं. त्या सोमवारी एक म्हातारं जोडपं, एक कुत्रा आणि मी. साडेचार युरोचे फ्राइज घेतले, जाड, मेयोनीजसोबत, बोटं शेकत खाल्ले. बाहेरचं खायचं नाही हा माझा नियम आहे, तो मोडला आणि वाईट वाटलं नाही.

त्या दगडापाशी उभी राहून मी फक्त एकच गोष्ट डोक्यात घोळवत होते, की तिने हात वर केला नसता तर मी तो पेपर तसाच परत दिला असता. लोक सांगतात जर्मन माणसं थंड असतात, घरी बोलवत नाहीत, चहा विचारत नाहीत. नाही विचारत. तेरा महिन्यांत मला दोनच घरांत बोलावलंय. पण ओळख ना पाळख, एका मुलीने माझ्यासाठी हात वर केला आणि माझ्या वतीने बोलली मात्र नाही, ते माझ्यावर सोडलं. माझी कुणी जवळची मैत्रीण असती तर ती माझ्यासाठी सगळं बोलून मोकळी झाली असती, आणि मी तिच्या मागे उभी राहिले असते.

उतरताना पाचलाच अंधार पडला. आखनमध्ये शिरले तर एका गल्लीत लहान मुलांची रांग, प्रत्येकाच्या हातात काठीला लावलेला कागदी कंदील, स्वतः बनवलेला, कुणाचा कासव, कुणाचा चंद्र. त्या दिवशी सेंट मार्टिन असतो, हे मला माहीत नव्हतं. पुढे घोड्यावर लाल झगा घातलेला एक जण आणि मुलं गात चाललेली. माझ्या खोलीच्या खिडकीत दिवाळीचा छोटा आकाशकंदील अजून लावलेलाच होता. कुठल्या तरी भिंतीला टेकून मी रांग संपेपर्यंत बघत राहिले आणि तिथूनच घरी फोन लावला. तिकडे साडेदहा वाजून गेले होते. आई जागी होती.

सगळं सांगितलं. नापास झाले, महिन्यापूर्वीच कळलं होतं, तुझ्याशी खोटं बोलले, आज पेपर बघून आले, चार मार्क वाढले, फेब्रुवारीत परत आहे. आई बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं फोन कट झाला.

मग म्हणाली, "पाठकोरा कागद वाया घालवू नको हे मीच शिकवलं गं तुला."

मी म्हटलं आई तसं नाही. ती म्हणाली असू दे, बाबांना मी सकाळी सांगते, तू जेव आधी. आणि फोन ठेवता ठेवता तिने विचारलं ती मुलगी कोण होती, नाव काय तिचं.

मी विचारलंच नव्हतं. फेब्रुवारीत परीक्षेच्या हॉलमध्ये शोधली, मेन्झामध्ये हिरवा स्वेटर दिसला की अजून मान वळते. पुन्हा दिसली नाही.