कुठे, ते सांग

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवावे, असे शाळेचे पत्र आले तेव्हा मी नेदरलँड्समधील हार्लेम येथे होतो. ‘शाळेने आपल्याला काय दिले’ असा विषय पत्रात सुचवला आहे, पण एवढ्या मोठ्या प्रश्नाला हात घालण्याची माझी पात्रता नाही. संगीताच्या सरांविषयी, ज्यांना आपण सगळे त्यांच्या पाठीमागे ‘पेटीवाले सर’ म्हणत असू, आणि त्यांनी १९७८ साली आम्हाला ऐकवलेल्या एका तबकडीविषयी मात्र मी लिहू शकतो. इतर गुरुजनांविषयी माझे वर्गमित्र लिहितीलच.

शनिवारची शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेमागच्या खोलीत सरांचा श्रवणवर्ग भरत असे. त्याला हजेरीपट नव्हता, परीक्षा नव्हती आणि वर्षअखेर गुणपत्रिकेत त्याचा उल्लेखही नसे. एक रेकॉर्ड प्लेअर, शाळेची जुनी पायपेटी आणि एक लांबट वही, एवढेच त्या वर्गाचे साहित्य. ऐकून झाल्यावर प्रत्येकाने उठून आपला अभिप्राय सांगायचा आणि मग तो त्या वहीत एका वाक्यात लिहायचा. ‘छान’, ‘मस्त’ आणि ‘गोड’ या तीन शब्दांना वहीत बंदी होती. मी पहिल्याच शनिवारी उठून ‘छान वाटले’ असे म्हणालो, तेव्हा सर म्हणाले, “छान म्हणजे घरी जायची परवानगी मागणे झाले. बस खाली. कुठे छान वाटले, ते सांगता येईल तेव्हा ऊठ.”

त्या पावसाळ्यात सरांनी मुंबईच्या एका स्नेह्याकडून एक लाँगप्ले तबकडी आणली. तिच्यावर बाख या जुन्या जर्मन संगीतकाराच्या ऑर्गनच्या रचना होत्या. तबकडी लावण्यापूर्वी ते म्हणाले, “या डब्यातून खालचे स्वर तुम्हाला ऐकू येणार नाहीत. ते आहेत असे धरून ऐका.” मग डी मायनर या स्वरपट्टीतील तोकाता, म्हणजे बोटांची चपळाई दाखवणारी मुक्त रचना, सुरू झाली. वरच्या स्वरावरून तो पहिला झटका खाली कोसळला आणि मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, हे भुताच्या सिनेमातले आहे!” सगळा वर्ग हसला. सर रागावले नाहीत. त्यांनी सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली आणि त्या मुलाला सांगितले, “भूत नेमके कुठे शिरले, तिथे हात वर कर.” त्याने चार वेळा ऐकले आणि चौथ्या वेळी, खालच्या एका स्वरावर एकामागून एक स्वर चढत जाऊन त्यांचा ढीग होतो त्या जागी, हात वर केला. सरांनी वहीत त्याच्या नावापुढे स्वतःच्या हाताने लिहिले, ‘जागा बरोबर.’ आम्हा हसणाऱ्यांपैकी एकालाही त्या दिवशी तो शेरा मिळाला नाही.

पुढच्या शनिवारी सरांनी पायपेटीचे झाकण काढून आम्हाला आतले पितळेचे सूर दाखवले. आपल्या संगीत नाटकांत साथीला जो ऑर्गन असे, तो याच जातीचा. पायांनी भाता चालवायचा आणि वाऱ्याने पितळेच्या जिभा थरथरायच्या. तबकडीतला ऑर्गन निराळा, त्यात बहुतेक स्वर बासरीसारखे नळीत फुंकल्या गेलेल्या वाऱ्याचे असतात आणि प्रत्येक स्वराला, प्रत्येक आवाजाच्या जातीला स्वतंत्र नळी लागते, हे सांगताना ते उठून बाहेर गेले. अंगणात नळजोडणीचे काम चालू होते. तिथून त्यांनी प्लास्टिकच्या नळीचा वीतभर तुकडा आणला, बाटलीच्या तोंडावर फुंकावे तसा तिच्या वरच्या काठावर फुंकला आणि मग खालचे तोंड तळहाताने बंद करून पुन्हा फुंकला. आवाज एकदम खोल गेला. “किती खाली गेला, ते शोधून काढ,” असे म्हणून त्यांनी मला पायपेटीवर बसवले. मी चाचपडत दोन्ही स्वर शोधले. अंतर जवळजवळ एका सप्तकाचे होते. नळी तेवढीच, पण तळ बंद केला की ती दुप्पट लांबीच्या नळीचे काम करते आणि ज्या चर्चमध्ये जागा कमी असते तिथे ऑर्गन बांधणारे कारागीर हीच युक्ती वापरतात, हे मी त्या दिवशी ऐकले. पुढे अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला हेच प्रकरण समीकरणांसह आले, तेव्हा मला फक्त समीकरणे शिकायची राहिली होती.

सरांची स्वतःची मते ठाम होती आणि ती लपवण्याचा त्यांना कंटाळा होता. पेटीत मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे, नाही म्हणून १९४० साली रेडिओने तिच्यावर बंदी घातली आणि ती कित्येक वर्षे टिकली, याचा त्यांना मनापासून राग होता. “ऑर्गनमध्येही मींड नाही. पट्टी जोरात दाबली म्हणून आवाजही वाढत नाही. म्हणून त्याला कुणी देशाबाहेर काढले का?” असे ते विचारत. बाख वीस वर्षांचा असताना, १७०५ साली, बुक्स्टेहुडे या नामवंत ऑर्गनवादकाचे वादन ऐकण्यासाठी आर्नश्टाटहून ल्यूबेकला चारशे किलोमीटरांहून अधिक अंतर पायी गेला. रजा चार आठवड्यांची घेतली आणि परतला सुमारे चार महिन्यांनी, ही गोष्ट ते वारीची हकिकत सांगावी तशी सांगत. त्यांच्या स्वतःच्या रजेच्या अर्जांविषयी कार्यालयात जे बोलले जाई, ते या ठिकाणी लिहिणे बरे नव्हे.

नोकरीनिमित्त मी नेदरलँड्सला आलो आणि हार्लेमच्या सेंट बाव्हो चर्चमधील ऑर्गनसमोर प्रथम उभा राहिलो, तेव्हा मला वाद्य दिसलेच नाही. भिंतभर उभी केलेली एक इमारतच दिसली. क्रिस्टियान म्यूलरने १७३५ ते १७३८ या काळात बांधलेल्या या ऑर्गनला सुमारे पाच हजार नळ्या आहेत आणि १७६६ साली दहा वर्षांच्या मोत्सार्टने तो वाजवला होता. त्या संध्याकाळी मी सरांना पोस्टकार्ड लिहिले: ‘ऑर्गन ऐकला. अतिशय सुंदर.’ तीन आठवड्यांनी उत्तर आले. पत्त्याव्यतिरिक्त त्यावर एकच शब्द होता: ‘कुठे?’

त्या प्रश्नाचे उत्तर मी त्या वेळी पाठवले नाही. आधी कामाची गडबड होती, नंतर उशीर झाल्याची लाज वाटू लागली आणि मग सर गेल्याचे कळले.

आता मी निवृत्त आहे आणि उन्हाळ्यातले वादन सहसा चुकवत नाही. वादनानंतर आम्ही चार-पाच जण कॉफीला बसतो. डच माणसाच्या तोंडी ‘मोई’ हा शब्द सारखा असतो, आणि त्याचा अर्थ ‘छान’ असाच आहे. आमच्या टेबलावर मी त्याला बंदी घातली आहे. त्या तोकाताचे बाखच्या हस्ताक्षरातील हस्तलिखित उपलब्ध नाही आणि १९८१ साली पीटर विल्यम्स या अभ्यासकाने ती बाखचीच आहे का, अशी शंका उपस्थित केली. तेव्हापासूनचा हा वाद आमच्या टेबलावर दर उन्हाळ्यात नव्याने होतो. शेजारचे गृहस्थ म्हणतात की सुरुवातीला दोन्ही हात एका सप्तकाच्या अंतराने तेच स्वर वाजवतात, असे बाख लिहिणार नाही. माझे मत असे की रचना कुणाचीही असो, भूत शिरण्याची जागा मागच्या बाकावरच्या मुलाने दाखवली तीच आहे.

मला स्वतःला त्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूची सी मायनरमधील पासाकाल्या अधिक प्रिय आहे. तिच्यात आठ मापांची एक चाल पायपट्ट्यांवर, म्हणजे ऑर्गनच्या पायांनी वाजवायच्या पट्ट्यांवर, एकटीच सुरू होते आणि मग तिच्यावर वीस आवृत्त्या रचल्या जातात. तबल्याच्या एकल वादनात पेटीवरचा लेहरा जसा फिरत राहतो आणि तबला त्याच्यावर आपले काम करतो, तशी ही योजना आहे. फरक एवढाच की इथला लेहरा मध्येच खालची जागा सोडून वरच्या आवाजांत जाऊन बसतो आणि ऐकणाऱ्याला जमीन सरकल्यासारखे वाटते.

दोन वर्षांपूर्वी शाळेत आलो होतो. प्रयोगशाळेमागच्या खोलीत आता संगणक आहेत. पायपेटी रंगमंचाखाली सापडली. भाता उंदरांनी कुरतडलेला होता आणि खर्जातले तीन सूर गायब होते. ती दुरुस्त करण्याचा खर्च मी देईन, असे तेव्हाही सांगितले होते आणि या मनोगतातून पुन्हा सांगत आहे. अभिप्रायांची वही कुणाच्या घरी असेल, तर कृपया कळवावे.

सर, पोस्टकार्डाचे उत्तर राहिले आहे. पासाकाल्याची चाल पहिल्या फेरीच्या शेवटी षड्जावर येऊन थांबते, तिथे. तिथे बत्तीस फुटी नळी वाजते, सेकंदाला सुमारे सोळा कंपने, आणि ती कानांना ऐकू येत नाही म्हटले तरी चालेल. बाकाच्या फळीवर टेकलेल्या तळहातांना ती आधी कळली.