पुडी मिळते, तर विरजण कशाला?

"यीस्टची पुडी बाजारात मिळते, मग तुम्ही आठवडाभर त्या बरणीची उठाठेव का करता?" हा प्रश्न मला आमच्या घरच्या जिंजर बिअरचा दुसरा पेला पुढे करतानाच विचारला जातो. अल्कोहोल तिच्यात थोडे तयार होतेच. ते मी लपवत नाही आणि मुलांना ती देत नाही.

पुडीने बिअर होते, आणि वेळेवर होते. सुरुवातीला मीही तीच वापरत असे. पण तिचा पावासारखा वास आल्याच्या वासावर मात करतो, असे मला वाटते. घरात हे कोणालाही पटलेले नाही. आल्याच्या सालीवर मुळातच यीस्ट असते, म्हणून मी आले न सोलता किसते आणि बरणीतल्या पाण्यात रोज एक चमचा आले, एक चमचा साखर घालते. हेच माझे विरजण. जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत बुडबुडे धरायला आठवडा लागतो. एप्रिलमध्ये तिसऱ्याच दिवशी कान लावला की चुरचुर ऐकू येते.

पुतणीच्या साखरपुड्यासाठी मे महिन्यात दहा लिटर करायला घेतली होती. आले-साखरेचे पाणी तीन वाजता उकळून उतरवले, सहाला पातेल्याची कडी धरून पाहिली, चटका बसला नाही, म्हणून अर्धा लिटर विरजण ओतून मोकळी झाले. दुधाला विरजण लावताना करंगळी बुडवून पाहणारी मी, त्या दिवशी कडीवर विसंबले. सकाळी बाटल्या भरल्या. दोन दिवसांनी दाबून पाहिल्या, तर सगळ्या मऊ, वायू धरलेलाच नाही. पाहुण्यांना आल्याचे सरबत म्हणून वाढले. जाऊबाई म्हणाल्या, "सरबत छान आहे हो, पण एवढं बाटल्यांत कशाला भरलंत?"

पुढे वर्षभर मी नळाच्या पाण्याला दोष दिला, कारण त्या दिवशी त्याला टीसीएलचा, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या पावडरीचा, वास होता. मात्र बरणीच्या तळाशी उरलेले चार चमचे विरजण त्याच पाण्यावर दुसऱ्या दिवशी चुरचुरत होते, हे मी पाहिले होते आणि कोणाला सांगितले नव्हते. पाणी निर्दोष होते. पातेल्याच्या पोटातले पाणी यीस्ट मरण्याइतके कढत होते.

अर्थात, तेवढ्या उष्णतेत पुडीही मेलीच असती. "पण दुसरी फोडता आली असती," हे जाऊबाईंचे म्हणणे मला अजून खोडता आलेले नाही. त्यांनीच आणून दिलेली एक पुडी फ्रीजच्या दारात आहे. तिची मुदत मार्चमध्ये संपली.