हॅम्बुर्ग ते मुंबई म्हणे ४०० किलोमीटर!

पैसे मिळाले, पण डोकं अजून तापलेलंच आहे.

लेकीकडून परतताना हॅम्बुर्ग-फ्रँकफुर्ट विमान तांत्रिक बिघाडाने रखडलं, पुढचं मुंबईचं चुकलं आणि आम्ही दोघं पुण्याला पोचलो ते दुसऱ्या दिवशी. युरोपीय संघातून सुटणाऱ्या विमानांना तिथला विलंबाच्या भरपाईचा २६१/२००४ हा नियम लागू होतो, मग कंपनी कुठल्याही देशाची असो. भरपाई अंतरावर ठरते. १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, लांबच्या प्रवासात ३,५०० च्या वर गेलात की ६००. तेही माणशी, तिकीट कितीला काढलं ते कुणी विचारत नाही.

विमान कंपनीकडे अर्ज भरला. उत्तर आलं: विलंब झालेल्या विमानाचं अंतर सुमारे ४०० किलोमीटर, सबब २५०. अहो, मी काय फ्रँकफुर्टला भाजी आणायला निघालो होतो? कळवलं की तिकीट एकच आहे आणि त्यावर शेवटचं ठिकाण मुंबई आहे. पुन्हा तेच उत्तर, स्वल्पविरामासकट. खाली सही करणाऱ्याचं नाव तेवढं दर वेळी नवीन.

शेवटी नातवाचा पृथ्वीगोल जेवणाच्या टेबलावर आणला आणि दोरा ताणला. ‘गोधडी शिवताय का?’ इति सौ. भिंतीवरच्या नकाशात पट्टी लावली तर रेघ तुर्कस्तानावरून जाते. गोलावरचा दोरा मात्र पोलंड, युक्रेन, कॅस्पियन समुद्र, इराण असं करत कराचीच्या बाजूने मुंबईला येतो. सर्वांत जवळची वाट हीच आणि नियमात अंतर धरतात तेही हेच, साधारण ६,५०० किलोमीटर. विमान प्रत्यक्षात कुठून वळसा घालून गेलं याला महत्त्व नाही. गंमत म्हणजे फ्रँकफुर्टहून मुंबई किंचित जास्तच भरते!

कुलूप उघडलं ते २०१७ च्या निकालाने. विमान बदलून प्रवास असेल तर पहिल्या विमानतळापासून शेवटच्या विमानतळापर्यंतचं थेट अंतर धरायचं, असं युरोपीय न्यायालयाने तेव्हा सांगून ठेवलंय. तेवढं दोन ओळींत लिहिलं आणि पुढची पायरी जर्मनीतला प्रवासी लवाद, असं खाली जोडलं. दोघांचे ६००-६०० मुकाट्याने जमा झाले. मुंबई-पुणे टॅक्सीचं भाडंही मागून पाहिलं होतं, त्यावर चकार शब्द नाही.

दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर हे काही चालत नाही, म्हणून सगळा प्रवास एकाच बुकिंगमध्ये घ्या. मुंबईहून युरोपला जाताना कंपनी युरोपातली नसेल तर हा नियम लागू होत नाही. खराब हवामानाला पैसे मिळत नाहीत, नेहमीच्या तांत्रिक बिघाडाला मिळतात. तेव्हा कारण काउंटरवरच लिहून मागा. बोर्डिंग पास फेकू नका. आणि हो, उशीर मोजतात तो विमान टेकल्यावर नाही, दार उघडल्यावर. तीन ते चार तास उशिरा पोचलात तर ६०० चे ३०० करायची त्यांना मुभा आहे, तेव्हा दार उघडताना घड्याळ बघून ठेवा.