मेणवलीचं पाणी

चित्रकलेचं माझं शिक्षण म्हणजे शाळेत असताना दिलेली इंटरमिजिएटची परीक्षा. नंतर ब्रश सुटला तो एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंत. मुलीच्या जुन्या रंगपेटीवर पुन्हा सुरुवात केली आणि वाईपासून तीनेक किलोमीटरवरच्या मेणवलीत, कृष्णा नदीच्या घाटावर जाऊन बसू लागले. नऊ वाजता घरी शिकवणीची मुलं यायची, त्यामुळे हातात सकाळचे दोनच तास.

सुरुवातीला घाटाचा दगड मी सरळ ट्यूबमधल्या काळ्या रंगानं रंगवायचे. देऊळ कागदाला भोक पडल्यासारखं दिसायचं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळले की जिवंत राखाडी मिळतो. निळा जास्त घेतला तर सावलीतला दगड, तपकिरी जास्त घेतला तर उन्हातला. हे कळायला मला आठ महिने लागले. शिकवणारं कुणी असतं तर आठ दिवसांत कळलं असतं, याची हळहळ अजून वाटते.

खरं अडलं ते पाण्यापाशी. धुणं घेऊन येणाऱ्या एक मावशी माझ्या पाठीमागे उभ्या राहायच्या. एकदा म्हणाल्या, "पोरी, किस्नेचं पानी आसं निळं कवा बघितलंस?"

मी समोर पाहिलं. निळं कुठेच नव्हतं. पलीकडच्या झाडीखाली पाणी गडद शेवाळी होतं, पायऱ्यांपाशी दगडाच्या रंगाचं, आणि मधे आभाळ उतरलं होतं तेवढाच पट्टा पांढुरका. मी निळं रंगवत होते ते केवळ पाणी निळं असतं असं लहानपणापासून ठरलेलं होतं म्हणून.

त्यानंतर दोन महिने देऊळ काढलंच नाही, फक्त पाणी. उन्हातलं शिखर पाण्यात किंचित काळवंडतं आणि काळंभोर झाड थोडं उजळतं, हे तेव्हा दिसलं. आता मी कागद ओला करून प्रतिबिंबं उभ्या फटकाऱ्यांनी सोडते आणि ओल असतानाच निथळलेल्या ब्रशनं एक-दोन आडव्या रेषा उचलून घेते. वाऱ्याची झुळूक तेवढ्यानं येते. मे महिन्यात कागद बघता बघता वाळतो, तेव्हा घाई करावी लागते. सावल्या तर रोजच सरकतात, म्हणून त्यांच्या कडा पेन्सिलीनं आधी धरून ठेवते.

एकाच जागी इतके दिवस बसण्याचं बळ मला आबालाल रहिमान यांच्यामुळे आलं. ते मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले, थोर चित्रकार. तरी कोल्हापूरच्या कोटितीर्थ तळ्याकडे ते पुन्हा पुन्हा वळत राहिले.

पावसाळ्यातलं पाणी मात्र अजून येत नाही. धोम धरणातून पाणी सोडलं की खालच्या पायऱ्या बुडतात, नदी गढूळ होते, प्रतिबिंब जवळजवळ उरतच नाही. तो तांबूस लोंढा माझ्या कागदावर भिंतीसारखा सपाट होतो. यंदा त्याच्यासाठी वीस कागद वेगळे काढून ठेवलेत.